केस बांधलेलं भूत

आई, बऱ्याच वर्षांनी तुला मुद्दाम सांगावं असं काही घडलंय, म्हणून लिहायला बसले. तुझ्या नातीनं मला भूत केलं. खरंखुरं नव्हे, सिनेमातलं. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती, त्यामुळे तुला नात आहे इथपासूनच सुरुवात करायला हवी. आहे, एकच आहे. उंचीनं बापावर गेलीय आणि तोंडानं तुझ्यावर. इथंच बेळगावात कॉलेजात शिकते. पत्रकारिता, चित्रपट असं सगळं मिळून तिचा विषय आहे आणि शेवटच्या वर्षाला गटानं एक छोटा चित्रपट करून दाखवावा लागतो. तिच्या गटानं ठरवलं की आपण भुताचा करायचा, आणि तोही जपानी पद्धतीचा. मी म्हटलं, का गं, आपल्याकडची भुतं संपली काय? त्यावर तिनं माझ्याकडं जे बघितलं ते थेट तुझं बघणं होतं, मी मागाच्या कांडीवर सूत सैल भरलं की तू बघायचीस तसं.

तिनं मला स्वयंपाकघरात गाठून जपानी भुताचे नियम समजावले. मी मटार सोलत होते आणि ती ओट्याला टेकून हातवारे करत होती. जपानी भूत बहुतेक वेळा बाईच असतं आणि तिच्यावर आधी कुणीतरी मोठा अन्याय केलेला असतो. तिचे केस लांब, काळे आणि तोंडावर सोडलेले असतात. अंगावर पांढरं असतं. ती धावत नाही, खदाखदा हसत नाही, आपल्या भुतांसारखे उलटे पाय करून फिरत नाही. ती नुसती उभी असते. खोलीच्या कोपऱ्यात ती कधीची उभी आहे हे प्रेक्षकाला आधी दिसतं आणि सिनेमातल्या माणसाला शेवटी. ती येणार म्हणून संगीत आधीपासून बोंब मारत नाही. तिचा शाप एखाद्या रोजच्या वस्तूतून पसरतो, फोनमधून म्हण, टीव्हीमधून म्हण. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्यावर उपाय नसतो. आपल्याकडं लिंबू आहे, अंगारा आहे, शनिवारचा मारुती आहे, काहीतरी करून माणूस सुटतो. तिकडं सुटका नाही. मी विचारलं, म्हणजे त्या बाईचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत कुणी ऐकून घेतच नाही? ती म्हणाली, ऐकतात गं आई, पण ऐकूनही उपयोग होत नाही, तीच तर भीती आहे. मला ते पटलं. अशा बायका आपल्या वडगावच्या गल्लीतही होत्या, फक्त जिवंत होत्या. मटार सोलून झाले तरी मी तिथंच बसून राहिले.

मग मी तिला तुझं वाक्य सांगितलं. तुला आठवणारही नाही. मी चौथीत असेन, शाळेतून येताना कुणीतरी चिंचेखालच्या बाईची गोष्ट सांगितली होती आणि मी घरात शिरले ती थेट तुझ्या मागाशी येऊन उभी राहिले. तू मागावर होतीस. आपलं घर म्हणजे अर्ध्यात विजेचा माग आणि उरलेल्या अर्ध्यात आपण. माग चालला की फळीवरची भांडी थरथरायची, पितळी डबा हळूहळू सरकत कडेला यायचा आणि तू येता-जाता त्याला मागं ढकलायचीस. मी ओरडून विचारलं, आई, आपल्या घरी भूत आलं तर? तू कापडावरची नजरसुद्धा काढली नाहीस. "आपल्या गल्लीत कसलं भूत येतंय? एवढ्या खडखडाटात त्याचंच डोकं उठल. जा, हातपाय धू." माझी भीती तिथंच संपली, ती कायमची. लग्न होऊन निपाणीला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला झोपच लागेना, इतकी तिथं शांतता. आणि नवरा विचारायचा, तुमच्या माहेरी सगळे एकमेकांवर खेकसतात का? त्याला काय सांगू, मागाच्या घरात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच.

पोरगी हे ऐकून हसली नाही. तिनं विचारलं, मग माग बंद पडला की? मी सांगितलं, तान्ह्या पोराला मागाच्या आवाजात गाढ झोप लागते आणि माग थांबला की ते दचकून रडायला लागतं, आई, तू मलाही तसंच वाढवलंस. आणि मग बोलता बोलता दुसरंही सांगून गेले. गल्लीत कुणी गेलं की माग थांबवायचे, माणूस घरातून उचलेपर्यंत. निरोप कुणी देत नसे. एका घरचा माग थांबायचा, मग शेजारचा, मग पुढचा, आणि शांतता घराघरातून सरकत आपल्यापर्यंत यायची. अमावास्येच्या सुट्टीला पण माग बंदच, पण त्या दिवशी पोरांचा दंगा असायचा, कुणाचा तरी रेडिओ असायचा. ही शांतता निराळी. बायका हात पुसत उंबऱ्यावर यायच्या आणि एवढंच विचारायच्या, कोण? तू गेलीस त्या दिवशी मी आत तुझ्याजवळ बसले होते आणि बाहेर एकेक माग थांबत गेलेला मला ऐकू आला. नंतर इतकं सुनं झालं की मागच्या गल्लीतल्या कुकरची शिट्टी वाजली ती मला आपल्या घरातच वाजल्यासारखी वाटली. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं, उठली, खोलीत गेली आणि लिहायला बसली. जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या.

तिनं रचलेली गोष्ट साधी आहे. एका विणकराच्या घरातल्या मुलीच्या फोनवर एक क्लिप येते. क्लिपमध्ये एक माग चाललाय आणि मागावर कुणीच नाही. दुसऱ्यांदा बघितली तर कापड थोडं पुढं सरकलंय. प्रत्येक वेळी बघितलं की साडी वाढत जाते, आणि साडी पुरी झाली की विणणारी ती घ्यायला येते. मुलगी क्लिप पुसून टाकते, तरी ती परत येते. घरात मुलीची आजी आहे, ती दिवसभर माग चालवते आणि तिला फोनबिन कळत नाही. आणि सगळ्या सिनेमात भीती दाखवायला कुठं आवाज चढत नाही, उलट आवाज बंद होतो. माग थांबला की समजायचं, ती आलीय. बाकी सगळे नियम पोरीनं अगदी सोवळ्यानं पाळले होते. कॅमेरा हलायचा नाही, रंग फिके, भूत कोपऱ्यात, उपाय नाही, आणि शेवटी आजी किंचाळून कोसळते आणि क्लिप पुढच्या माणसाच्या फोनवर जाते.

भूत कुणी व्हायचं यावर मात्र सगळं अडलं. तिच्या एका मैत्रिणीला टोप घालून उभं केलं तर ते पायपुसणं डोक्यावर घेतल्यासारखं दिसायला लागलं. मग सगळ्यांची नजर माझ्या अंबाड्यावर. माझे केस अजून कमरेच्या खाली येतात आई, तुझेच आहेत, फक्त पांढरे होऊ लागलेत म्हणून मी काळं लावते. मी सपशेल नाही म्हटलं. शाळेत शिकवणारी बाई मी, उद्या वर्गात पोरं काय म्हणतील, निपाणीच्या सासरच्या मंडळींना काय तोंड दाखवू. पोरीनं आर्जव केलं नाही. ती म्हणाली, राहू दे, तुला जमायचं नाही बहुतेक. ही युक्ती तर तुझीच. मी दुसऱ्या दिवशी होकार दिला आणि वर सांगितलं की मला जमतंय का नाही ते बघच.

आपलं घर विकलं, तिथं आता दुमजली इमारत झालीय. पण शेजारची काकी आहे, तुझ्याबरोबर हसत-भांडत माग चालवणारी. तिचा मुलगा अजून माग चालवतो. अमावास्येला माग बंद असतात म्हणून त्यानं तो दिवस दिला, आणि जपानी भुताचा सिनेमा अमावास्येचा मुहूर्त धरून, भर दुपारी, खिडक्यांना काळं कापड लावून सुरू झाला. पोरीनं आजीच्या भूमिकेला काकीलाच धरलं. काकी म्हणाली, "मला काय येतंय गं, मी माग चालवीन, तुमी काय काढायचं ते काढा." मला पांढरी साडी दिली होती. ती फार नवी दिसते म्हणून पोरांनी ती रात्रभर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. तोंडाला राखाडी रंग, केस सगळे पुढं सोडलेले, आणि दिवसभर अंगाला चहाचा वास. काकीच्या सुनेनं मला बघितलं आणि म्हणाली, वन्सं, आता साखर तेवढी घाला.

शेवटचा प्रसंग चालू मागावर होता. एक माग चालू केला, सगळ्या गल्लीत तेवढाच; गोष्टीत सगळे माग थांबल्यावरही आजी आपला पुन्हा चालू करते. काकी कापडावर नजर ठेवून उभी. मी तिच्या मागून सावकाश यायचं, तिच्या शेजारी थांबायचं, आणि केसांनी झाकलेलं तोंड मागावर वाकवायचं. मग तिनं वर बघायचं, किंचाळायचं आणि कोसळायचं. मी आले. केसांच्या फटीतून मला काकीचा हात दिसत होता, धाग्यांतून धोट्याची ये-जा दिसत होती. मी वाकले. काकीनं वर बघितलं, आणि पुढं काय झालं ते मला कळायच्या आत माझे केस तिच्या मुठीत होते. "केस मोकळं सोडून मागावर वाकतीस? अक्कल हाय का न्हाय? पट्ट्यात गुतलं म्हंजे?" तिनं दुसऱ्या हातानं माग बंद केला, मला खांद्याला धरून फिरवलं, केस मागं ओढले, पिळले, गाठ मारली आणि कमरेला खोचलेला वाया गेलेल्या सुताचा तुकडा काढून वर करकचून बांधला. मग तिच्या ध्यानात आलं. तोंडावर हात ठेवून ती म्हणाली, "अगं बाई, मी इसरलेच की."

हसून हसून पोरं जमिनीवर बसली. कॅमेऱ्यावरचा मुलगा धारवाडकडचा, त्याला मराठी अर्धंमुर्धं कळतं, पण तोही डोळे पुसत होता. मला मात्र हसू आलं नाही. माझी मान तशीच ताठ राहिली होती, कारण ही गाठ मला माहीत होती. मी नऊ-दहा वर्षांची असताना न्हाऊन, शिकेकाईचा वास मिरवत, केस सोडून तुला दाखवायला मागाजवळ धावत आले होते. तू मला थोबाडीत दिलीस. एक शब्द न बोलता तशीच फिरवलीस, तसेच पिळलेस आणि सुतानं बांधलेस, इतकं घट्ट की डोळे वर ओढले गेले. समोरच्या ओळीतल्या बाईचे केस पट्ट्यात गेले होते त्याला फार दिवस झाले नव्हते, पण ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तू काही सांगितलं नाहीस आणि माझी समजूतही काढली नाहीस. संध्याकाळी भाकरी वाढताना ताटाशेजारी एक गोफ ठेवलास, काठाच्या उरलेल्या रेशमाचा, लाल, हिरवा आणि पिवळा. कधी विणलास कोण जाणे. "रोज हे बांधायचं," एवढंच म्हणालीस. तो गोफ मी सातवीपर्यंत वापरला आणि मग तो झिजून तुटला.

काकीला फार वाईट वाटलं. "पोरींच्या कामाची माती केली गं मी," असं ती सारखी म्हणत होती. पोरगी तिकडं कांड्यांच्या खोक्यावर बसून कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघत होती. बघून झाल्यावर मला म्हणाली, आई, ही घाबरलीच नाही. मी म्हटलं, कशी घाबरेल, तिला भुतापेक्षा मोकळ्या केसांचं भय जास्त. ती म्हणाली, हाच शेवट. मी म्हटलं, वेडी आहेस का, आणि तुझे ते नियम? ती म्हणाली, सगळे नियम इथपर्यंत येण्यासाठीच पाळले होते असं समज.

तिच्या सरांना हे पटलं नाही. मला बोलावून घेतलं होतं, नव्या शेवटासाठी घरच्यांची तयारी आहे का विचारायला, त्यामुळे वाद माझ्यासमोरच झाला. सर तरुण आहेत, हुबळीकडचे, आणि सिनेमाचं फार मनापासून शिकवतात. ते म्हणाले, "या प्रकारात भूत शांत होत नाही. शांत झालं की बघणारा निर्धास्त होऊन घरी जातो. आणि दुसरं, लोक हसतील. एकदा हसले की भूत गेलं, परत आणता येत नाही." खोटं काहीच नव्हतं त्यात. अख्ख्या वर्षाची मेहनत होती आणि भरल्या सभागृहात लोकांनी तिला हसलेलं मला बघवलं नसतं. पोरगी थोडं मराठीत, थोडं कन्नडमध्ये, थोडं इंग्रजीत बोलत होती, जसं सुचेल तसं. ती म्हणाली, "सर, ती शांत होत नाही. केस बांधल्यावर ती जात नाही. ती मागावर उभी राहते आणि काम सुरू करते. आता ती त्या घरात कायमची आहे. उपाय नाही हा नियम मी मोडलेलाच नाही. मी फक्त किंचाळून कोसळण्याचा मोडला." सरांनी टेबलावरचा पेन उचलून खिशाला लावला. मग म्हणाले, सिनेमा तुमचा, जबाबदारी तुमची. आई, त्या खोलीत खुर्चीत मी एवढी ताठ बसले होते की घरी आल्यावर पाठ दुखली.

सिनेमा दाखवायच्या दिवशी कॉलेजचं सभागृह भरलं होतं. काकी, तिची सून आणि गल्लीतल्या बायका रिक्षा करून आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, आणि एकदम मागच्या रांगेत बसल्या. सुरुवातीला मी पडद्यावर दिसले की पोरांमध्ये खुसपुस व्हायची, कुणीतरी शीळ पण घातली. मग हळूहळू ती थांबली. पोरीनं स्वयंपाकघरातली फळी फार वेळा दाखवली आहे, थरथरणारी भांडी आणि कडेकडेनं सरकणारा डबा. तुझा डबा मीच तिला दिला होता, आणि भुताचं डोकं उठण्याचं तुझं वाक्य तिनं आजीच्या तोंडी घातलं होतं. आणि मग ते दृश्य आलं. गल्लीतला एक माग थांबतो, मग दुसरा, मग जवळचा. पडद्यावर फक्त फळी. भांडी थरथरायची थांबतात. डबा जिथल्या तिथं राहतो. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, मोठा, मागाच्या घरातला.

"कोण गेलं?"

तिला स्वतःला कळलंही नसेल आपण बोललो ते. कुणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीनं शेजारणीचा हात धरलेला मी बघितला. त्यांना त्या प्रश्नाचा अर्थ माहीत असायचं कारण नव्हतं, तरी पोचला. मी मनात म्हटलं, आई, ऐकलंस का, तुझी गल्ली बोलली.

शेवटी मात्र सर म्हणाले होते तेच झालं. काकीनं पडद्यावर माझे केस धरले आणि "अक्कल हाय का न्हाय" म्हटलं तसं सभागृह खो खो हसलं. पोरगी माझ्या शेजारी होती, तिची नखं माझ्या दंडात रुतली. हसू थांबेचना. मग केस मागं गेले आणि भुताचं तोंड पहिल्यांदा दिसलं. जपानी पद्धतीत तिथं भयंकर काहीतरी दिसावं लागतं. पोरीनं त्या दृश्याला मला तोंड धुऊन बसवलं होतं, रंग नाही, काजळ नाही, डोळ्यांखालची वर्तुळं तशीच. पडद्यावर एक दमलेली बाई होती, कुणाचीही आई असेल अशी. हसणं पुढच्या रांगांपासून बंद होत मागं गेलं. ती बाई मागावर उभी राहते, माग सुरू करते, आवाज भरत जातो आणि फळीवरची भांडी पुन्हा थरथरू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी चहा गाळते तर ओट्यावर कप तीन. मुलगी तिसऱ्या कपाकडं बघत राहते, आजी तो उचलून मागाकडं घेऊन जाते, आणि सिनेमा संपतो. टाळ्या यायला थोडा वेळ लागला, पण आल्या त्या थांबेनात.

नंतर एक मुलगा पोरीला विचारत होता, म्हणजे ती बाई गेली का नाही? ती म्हणाली, नाही, आहे की तिथंच. तो म्हणाला, मग तर जास्त भीती वाटते. सर माझ्यापाशी आले, हात जोडून म्हणाले, "मॅडम, भूत गेलं नाही ओ." त्यांचा चेहरा पोरीपेक्षा जास्त फुलला होता. बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं नदीवरच्या एका माहितीपटाला गेलं आणि तोही चांगलाच होता. पोरगी एक संध्याकाळ फुरंगटून बसली आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या सिनेमाचं बोलायला लागली. काकी गल्लीत सगळ्यांना सांगत फिरते की शेवट तिनं केला, आणि ते खरंच आहे.

मला किती अभिमान वाटला ते तुला कसं सांगू. पोरीनं दुसऱ्यांची रीत आधी नीट शिकून घेतली, तिचा मान राखला आणि जिथं आपल्या घरची रीत त्याहून खरी होती तिथं मागं हटली नाही. तू दहा जणांत कधी बोलली नाहीस, सभागृह म्हणून कधी बघितलं नाहीस, आणि तुझं एक तिरसट वाक्य, तुझा डबा आणि तुझी गाठ एवढ्या लोकांसमोर पडद्यावर होती. आणि नाक. माझं नाक तुझं आहे हे मला त्या मोठ्या पडद्यावर बघून समजलं, आरशात कधी कळलं नव्हतं. मी शेजारी वळून पोरीला सांगणार होते, पण ती रडत होती म्हणून राहू दिलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. वह्या तपासायच्या सोडून दोन दिवस हेच लिहीत बसलेय. लिहून झालं की कपाटात ठेवीन आणि पोरीलाही दाखवणार नाही, कारण नव्या शेवटाचं चित्रीकरण कसं झालं ते मी तिच्यापासून थोडं लपवलंय. त्या दिवशी केस बांधले जाताना मी अजिबात हलायचं नाही, पापणीसुद्धा लववायची नाही, असं तिनं बजावलं होतं. काकी मागं उभी राहिली. या वेळी तिला घाई नव्हती. तिनं कपाळावरून केस गोळा केले, बोटांनी गुंता सोडवला, कानामागं हात फिरवला, पिळलं, गाठ मारली, सूत बांधलं. तू गेल्यापासून माझ्या केसांतून असा सावकाश दुसऱ्या कुणाचा हात फिरला नव्हता. पोरगी ओरडली, मस्त, झालं! आणि मी म्हटलं, नाही, माझी पापणी हलली, परत घ्या. तिनं पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, कुठं हलली, छान आलंय. मी म्हटलं, हलली, मला माहितेय ना. मग काकीनं सूत सोडलं, केस पुन्हा पुढं आले आणि सगळं पहिल्यापासून झालं. दुसऱ्या वेळी काकीचा हात आणखी सावकाश चालला. सिनेमात पोरीनं पहिलंच चित्रण ठेवलंय, दुसरं तिनं पुसलंही असेल.

आई, माझी पापणी हलली नव्हती.